पानगळ, बर्फ आणि शेवंती : ऋतूंवरचे चिनी वाक्प्रचार कसे शिकावेत

चिनी भाषा शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला पहिली धास्ती चित्रलिपीची वाटते. ती धास्ती वर्षा-दीड वर्षात बरीचशी ओसरते आणि मग दुसरीच अडचण समोर येते. वाचत असलेल्या मजकुरात मध्येच चार अक्षरांचा एक घट्ट पुंजका येतो, चारही अक्षरे ओळखीची असतात, शब्दकोशात चौघांचेही अर्थ मिळतात आणि तरीही वाक्याचा अर्थ लागत नाही. ‘शरद, पंखा, पाहणे, त्याग’ अशी चार अक्षरे ओळीने आली, तर त्यातून काय समजावे? या पुंजक्यांना चिनीत ‘छंगयू’ म्हणतात. त्यांतले ऋतूंशी जोडलेले छंगयू कसे ओळखावेत, कसे लक्षात ठेवावेत आणि कुठे वापरू नयेत, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

ऋतूंचाच गट निवडण्यामागे कारण आहे. वसंत, पाऊस, थंडी हे विषय सर्वांच्या परिचयाचे असल्यामुळे अर्थ आपोआप कळेल असे वाटते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. या वाक्प्रचारांतला ऋतू क्वचितच हवामान सांगतो. बहुतेक वेळा तो एखाद्या माणसाविषयी, नात्याविषयी किंवा काळाविषयी दिलेला निवाडा असतो. तो निवाडा समजायचा असेल तर हा ऋतू कोणत्या पंचांगातला आणि कोणत्या शेतावरचा, हे आधी ठाऊक असावे लागते.

पायरी पहिली : छंगयूची जात ओळखा

मराठीत आपण म्हण आणि वाक्प्रचार असे दोन कप्पे करतो. छंगयू या दोन्ही कप्प्यांत नीट बसत नाही. त्याला सर्वांत जवळचा आपल्याकडचा प्रकार म्हणजे संस्कृतातून आलेले लौकिक न्याय. ‘काकतालीय न्याय’ असे म्हटले की फांदीवर बसणारा कावळा आणि नेमके त्याच क्षणी पडणारे ताडाचे फळ ही सगळी गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात उभी राहते. गोष्ट ठाऊक नसेल तर ते दोन शब्द मुके राहतात. छंगयूचे तसेच आहे. तो बहुधा चार अक्षरांचा असतो, त्याची भाषा आजच्या बोलीची नसून प्राचीन लेखी चिनीची असते आणि त्यातली विभक्ती, काळ, कर्ता यांची सगळी जोडणी वाचणाऱ्यालाच करावी लागते.

ऋतूंविषयी बोलणारे सगळेच चिनी शब्दसमूह मात्र छंगयू नसतात. ‘वसंतातला पाऊस तेलासारखा महाग’ किंवा ‘वर्षाचा बेत वसंतातच आखावा’ या पूर्ण वाक्याच्या म्हणी आहेत, त्यांना ‘येनयू’ म्हणतात. ‘छ्यौ लाओहू’, म्हणजे ‘शरदातला वाघ’, हा तीन अक्षरांचा बोलीतला प्रयोग आहे. शरद लागल्यानंतरही परत फिरून चावणारा जो उकाडा, त्याला हे नाव आहे, आणि ऑक्टोबर हीट सोसलेल्या मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. छंगयू भाषणात, लेखात, पत्रात शोभतो, तर ‘शरदातला वाघ’ गप्पांत किंवा हवामानाच्या बातमीत.

पायरी दुसरी : उच्चार मराठी कानाने पकडा

या बाबतीत मराठी भाषकाची परिस्थिती पुष्कळांपेक्षा चांगली आहे. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख या जोड्यांतला भेद महाप्राणाचा आहे, घोष-अघोषाचा नाही, आणि तो भेद आपण बालपणापासून बोलतो. आपण ‘बीजिंग’ म्हणतो ते चिनी तोंडी ‘पेइचिंग’च्या जवळ जाते. शिवाय ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च असे दोन वेगळे उच्चार मराठीत आहेत. चिनीतही हे दोन्ही आहेत आणि शिवाय जीभ मागे वळवून काढलेला तिसरा च आहे. या लेखात ‘ष’ लिहिले आहे तिथे जीभ खरोखरच मागे वळवावी, ‘श’ लिहिले आहे तिथे वळवू नये. ‘चर’, ‘षर’ यांतला शेवटचा र अर्धवट गिळायचा आहे. स्वरांचे चार चढउतार देवनागरीत दाखवता येत नाहीत, ते ध्वनिफितीवरूनच शिकावे लागतात.

पाठ करताना चार अक्षरे दोन-दोन अशी तोडावीत : छुन ह्वा, छ्यौ षर. बहुतेक छंगयू अर्थानेही असेच दुभंगतात आणि तो सांधा सापडला की निम्मे काम होते. ‘हान लाय, षू वांग’ म्हणजे ‘थंडी येते, उन्हाळा जातो’, म्हणजेच काळ सरतो. ‘सहस्राक्षरी’ नावाचे जे जुने बालपुस्तक सहाव्या शतकात रचले गेले, त्यात एक हजार अक्षरे चार-चारच्या ओळींत बांधलेली आहेत आणि ही ओळ त्याच्या अगदी आरंभी येते. तिच्या पाठोपाठ ‘शरदात कापणी, हिवाळ्यात साठवण’ ही ओळ आहे.

पायरी तिसरी : आपले पंचांग बाजूला ठेवा

आपण सहा ऋतू मानतो, चिनी परंपरा चार मानते. एवढ्यावर गोष्ट संपत नाही, कारण ऋतूंच्या सीमारेषाही वेगळ्या आहेत. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग पाडून प्रत्येकाला नाव दिलेले आहे. इसवी सनापूर्वी १०४ मध्ये लागू झालेल्या पंचांगात हे चोवीस भाग समाविष्ट होते आणि २०१६ मध्ये युनेस्कोने या पद्धतीची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. या हिशेबाने वसंताचा आरंभ ४ फेब्रुवारीच्या सुमारास, उन्हाळ्याचा ५-६ मे, शरदाचा ७-८ ऑगस्ट आणि हिवाळ्याचा ७-८ नोव्हेंबरला होतो. संपात आणि अयन हे दिवस ऋतूच्या आरंभी न येता त्याच्या मध्यावर येतात.

म्हणून चिनी कवितेत ‘वसंत आला’ असे वाचले की गुढीपाडवा डोळ्यांसमोर आणू नये, बर्फ अजून वितळायचे आहे असा माघ महिना आणावा. ‘चा न्वान ह्वान हान’, म्हणजे ‘ऊब आली म्हणता म्हणता पुन्हा गारठा’, या छंगयूचा अर्थ तेव्हाच नीट लागतो. तो ली छिंगचाओ या कवयित्रीच्या ओळीतून आलेला आहे. गंमत अशी की तिची ती कविता शरदातली मानली जाते आणि छंगयू मात्र आज मुख्यतः वसंताच्या आरंभीच्या लहरी हवेला, आणि त्यावरून बाजारपेठेच्या किंवा दोन देशांच्या संबंधांतल्या लहरीपणालाही, लावला जातो.

दुसरी गोष्ट शेताची. हे पंचांग आणि यांतले पुष्कळसे वाक्प्रचार पीत नदीच्या खोऱ्यात घडले. तिथे वसंत कोरडा जातो, गव्हाला पाणी हवे असते आणि पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, त्यामुळे ‘तेलासारखा महाग’ पाऊस हा मृगाचा नसून वसंतातला आहे. त्याचप्रमाणे आपल्याकडे थंडी ‘गुलाबी’ असते, सोसावे लागते ते ऊन, आणि आयुष्याचे बसतात ते चटके. चिनीत ‘हान’, म्हणजे गारठा, हा शब्द दारिद्र्याशी आणि कष्टाशी जोडलेला आहे. गरीब घराला ‘गारठलेले दार’ म्हणतात आणि हलाखीत केलेल्या दीर्घ अभ्यासाला ‘गारठलेल्या खिडकीपाशी दहा वर्षे’. ही अदलाबदल मनात पक्की केली नाही तर हिवाळ्यावरचे निम्मे छंगयू उलटे वाचले जातात.

पायरी चौथी : प्रत्येक ऋतूचा कल लिहून ठेवा

वसंत बहुधा अनुकूल असतो : यश, गुरूची कृपा, नवी पालवी, तारुण्य. मात्र ‘छुन’ या अक्षराला शृंगाराचीही छटा आहे आणि काही जोडशब्दांत तीच मुख्य असते, त्यामुळे ‘वसंत’ घालून स्वतःच्या मनाने नवा शब्द जुळवण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्याचे छंगयू संख्येने मला कमीच आढळले आणि जे आहेत त्यांत उन्हाळा बहुधा दाहक किंवा तोकडा आहे.

शरद मात्र चौघांत सर्वांत गुंतागुंतीचा आहे. तो सुगीचा काळ आहे, निरभ्र आकाशाचा आहे (‘छ्यौ काओ छी ष्वांग’, म्हणजे ‘आकाश उंच, हवा तजेलदार’), विरहाचा आहे आणि दंडाचाही आहे. वसंत-उन्हाळा हे वाढीचे ऋतू, तेव्हा जीव घेणे निसर्गाच्या विरुद्ध, अशा विचाराने हान राजवंशाच्या काळापासून देहदंडाची अंमलबजावणी शरद-हिवाळ्यात करण्याची प्रथा होती. त्यामुळे ‘छ्यौ हौ स्वान चांग’, म्हणजे ‘शरदानंतर हिशेब करणे’, हा प्रयोग मुळात सुगीनंतरच्या देण्याघेण्याचा असला, तरी आज तो ‘प्रकरण शांत होऊ दे, मग बघून घेतो’ या अर्थानेच येतो. कार्यालयीन पत्रात ‘हिशेब नंतर पूर्ण करू’ असे सांगण्यासाठी तो वापरला तर ती धमकी ठरेल.

शिवाय शरद म्हणजे ‘निर्णायक वेळ’ असाही अर्थ आहे. चू-क ल्यांग या मंत्र्याने २२७ मध्ये मोहिमेवर निघताना तरुण राजाला जे निवेदन लिहिले, त्यात आपल्या राज्यासाठी हा ‘जगण्या-मरण्याचा शरद’ आहे असे म्हटले आहे. ‘त्वो षर चर छ्यौ’, म्हणजे ‘पुष्कळ घडामोडींचा शरद’, हा छंगयू याच वळणाचा, आणि तो एप्रिलमधल्या संकटालाही खुशाल लागू पडतो.

शरद म्हणजे वर्ष, हा आणखी एक अर्थ, आणि तो मराठी वाचकाला परका नाही. ‘जीवेत् शरदः शतम्’ असे आपण वाढदिवसाला म्हणतोच. ‘यी र सान छ्यौ’, म्हणजे ‘एक दिवस, तीन शरद’, हा प्राचीन काव्यसंग्रहातल्या एका छोट्या प्रेमगीतातून आला आहे : एक दिवस भेट नाही तर तीन शरद लोटल्यासारखे वाटते. या गीतात आधी तीन महिने, मग तीन शरद, मग तीन वर्षे असा चढता क्रम आहे. त्यामुळे तीन शरद म्हणजे तीन ऋतू, नऊ महिने, असे मानणारे टीकाकारही आहेत. मला तो अर्थ जास्त पटतो, कारण अन्यथा शेवटच्या कडव्याला चढण्यासाठी पायरीच उरत नाही. ‘वसंत-शरद’ ही जोडी तर वयासाठी आणि इतिहासासाठी सर्रास येते. आपण ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो, तिथे चिनी माणूस वसंत आणि शरद मोजतो.

पायरी पाचवी : मूळ गोष्ट शोधा आणि ती शेवटपर्यंत वाचा

‘छुन ह्वा छ्यौ षर’, म्हणजे ‘वसंतातली फुले, शरदातली फळे’, याचा आजचा अर्थ ‘कष्टाचे फळ मिळते’ असा सांगितला जातो आणि शाळांमधून तो याच अर्थाने आढळतो. मूळ प्रसंग अधिक तिखट आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्साओ चर (१९२–२३२) या राजपुत्र-कवीच्या पदरी दोन माणसे होती. शिंग योंग हा घरकारभार पाहणारा, नियमाला चिकटून राहणारा आणि म्हणून नावडता होता, तर ल्यौ चन हा लेखक होता आणि राजपुत्राचा आवडता होता. एके दिवशी ल्यौ चनने स्वतःच राजपुत्राला पत्र लिहिले की आपण माझ्यासारख्याची वसंतफुले वेचता आणि कारभाऱ्याची शरदफळे विसरता, असे लोक म्हणू लागतील. जो फूल होता त्यानेच फळाची बाजू घेतली. ही गोष्ट माहीत असली की पुस्तकी हुशारी आणि भरीव चारित्र्य यांतला फरक दाखवण्यासाठीही हा छंगयू का वापरता येतो, हे उलगडते.

छंग आडनावाच्या दोन भावांची जोडी तर पाठोपाठ शिकण्यासारखी आहे. अकराव्या शतकात ल्वोयांगच्या परिसरात शिकवणारे हे दोघे तत्त्वज्ञ, थोरला छंग हाओ (१०३२–१०८५) आणि धाकटा छंग यी (१०३३–११०७). थोरल्याचा स्वभाव मोकळा होता. त्याच्याकडे राहून परतलेला एक शिष्य म्हणाला की मी महिनाभर वसंतवाऱ्यात बसून आलो. ‘रू मू छुन फंग’, म्हणजे ‘वसंतवाऱ्यात न्हाल्यासारखे’, या छंगयूमागे हीच आठवण सांगितली जाते. धाकटा करारी. थोरल्याच्या निधनानंतर यांग षर आणि यौ त्स्वो हे दोन शिष्य त्याच्याकडे आले, तेव्हा तो डोळे मिटून बसलेला होता. दोघे तसेच उभे राहिले, आणि त्याने डोळे उघडले तेव्हा दाराबाहेर फूटभर बर्फ साचले होते. ‘छंग मन ली श्वे’, म्हणजे ‘छंगच्या दारी बर्फात उभे राहणे’, हा गुरुनिष्ठेचा छंगयू त्यावरून आला. इतिहासग्रंथाचा मजकूर बारकाईने वाचला तर बर्फ दाराबाहेर आहे एवढेच त्यात म्हटले आहे. शिष्यांना बर्फात उभे केले ते लोकपरंपरेने आणि चित्रकारांनी. पण एकाच घरातला एक भाऊ वसंत आणि दुसरा हिवाळा, ही जोडी एकदा ऐकली की दोन्ही छंगयू विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत.

आता आरंभीचा पंखा. ‘छ्यौ षान च्येन च्वेन’ यातले तिसरे अक्षर ‘पाहणे’ या अर्थाचे म्हणून ओळखीचे असते, पण प्राचीन चिनीत ते कर्मणी प्रयोगाची खूण म्हणूनही येते. म्हणून अर्थ होतो ‘शरदात टाकून दिला गेलेला पंखा’. हान सम्राट छंगच्या अंतःपुरातल्या पान च्येयू हिच्या नावावर असलेल्या कवितेत पांढऱ्या रेशमाचा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल पंखा आहे. तो सदैव मालकाच्या बाहीत असतो आणि तरीही गार वारा सुटेल, आपण पेटीत बंद होऊ, या भीतीने ग्रासलेला असतो. ही कविता तिचीच का, याविषयी अभ्यासकांत शंका आहे, पण छंगयूचे काम त्यामुळे अडत नाही.

पायरी सहावी : मराठी जोडीदार शोधा, पण फरकही लिहा

वहीत प्रत्येक छंगयूसमोर त्याच्या जवळची मराठी म्हण लिहावी, कारण स्मरणाला तो सर्वांत भक्कम आधार असतो. मात्र त्याच ओळीत दोघांतला फरक लिहिला नाही तर ही सवय घातक ठरते.

शरदातल्या पंख्याला ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण सुचते. प्रसंग तोच, पण म्हण टाकणाऱ्यावर टोमणा मारते आणि छंगयू टाकलेल्याच्या तोंडून बोलतो. ‘यी ये चर छ्यौ’, म्हणजे ‘एका पानावरून शरद ओळखणे’, याला ‘शितावरून भाताची परीक्षा’ जवळची वाटते. परंतु शीत हा समोर असलेल्या भाताचा नमुना आहे, तर पान हे अजून न आलेल्या गोष्टीची चाहूल. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ल्यौ आन या राजपुत्राच्या आश्रयाने तयार झालेल्या ‘ह्वायनानत्स’ या ग्रंथात पान गळताना पाहून वर्ष सरत आल्याचे जाणावे आणि भांड्यातले बर्फ पाहून जगभरची थंडी ओळखावी, अशा आशयाचे वचन आहे. म्हणजे भाताच्या शिताशी जुळते ते भांड्यातले बर्फ, पान नव्हे.

‘यू हौ छुन सुन’, म्हणजे ‘पावसानंतरचे वसंतातले बांबूचे कोंब’, हा आपल्या ‘कुत्र्याच्या छत्र्यां’चा भाऊ. दुकाने, शिकवण्या, कारखाने असे काहीही एकाएकी जागोजागी उगवले की दोन्हीकडे हीच प्रतिमा येते. पण छत्र्या कुचकामी आणि बांबूचे कोंब खाण्याजोगे, त्यामुळे मराठी प्रयोगात तुच्छता आहे आणि चिनी प्रयोगात बहुधा उत्साह. चिनी यजमानाने आपल्या शहरातल्या नव्या उद्योगांविषयी हा छंगयू वापरला आणि दुभाष्याने ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हटले, तर पुढचे बोलणे अवघड होईल.

‘श्वे षांग च्या ष्वांग’, म्हणजे ‘बर्फावर आणखी हिमकण’, याचा मराठी अवतार ‘दुष्काळात तेरावा महिना’ असा जवळजवळ तंतोतंत आहे, आणि या म्हणीतला तेरावा महिना चिनी माणसालाही कळतो. त्यांचे पारंपरिक पंचांगही चांद्र-सौर आहे आणि त्यातही साधारणपणे एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात. याच्या उलट टोकाला ‘श्वे चोंग सोंग थान’, म्हणजे ‘बर्फ पडत असताना कोळसा पाठवणे’, हा ऐन गरजेच्या वेळी केलेल्या मदतीचा छंगयू आहे. त्याला शोभेलशी मराठी म्हण मला अद्याप सापडलेली नाही. ‘बुडत्याला काडीचा आधार’ इथे चालत नाही, कारण काडी तारत नाही आणि कोळसा ऊब देतो.

एक जोडी मात्र फरकाशिवाय जुळते. च्वांगत्स या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथातल्या ‘शरदातले पूर’ या प्रकरणात म्हटले आहे की विहिरीतल्या बेडकाशी समुद्राविषयी बोलता येत नाही, कारण तो जागेने बांधलेला आहे, आणि उन्हाळी किड्याशी बर्फाविषयी बोलता येत नाही, कारण तो ऋतूने बांधलेला आहे. बेडूक आपला ओळखीचाच, कूपमंडूक. किडा मात्र आपल्याकडे नाही. ‘श्या छोंग यू पिंग’ शिकताना त्याला कूपमंडूकाचा धाकटा भाऊ समजावे : एकाला स्थळाची मर्यादा, दुसऱ्याला काळाची.

पायरी सातवी : फसवे छंगयू वेगळ्या पानावर

तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

‘छी युए ल्यौ ह्वो’, म्हणजे ‘सातव्या महिन्यात आग वाहते’. उन्हाच्या काहिलीचे वर्णन म्हणून याचा इतका वापर होतो की पुष्कळ चिनी भाषकही तसेच समजतात. प्रत्यक्षात ही आग म्हणजे ‘महाअग्नी’ हा लालसर तारा, ज्याला आपण ज्येष्ठा नक्षत्राचा योगतारा म्हणून ओळखतो. ज्या जुन्या गीतातून ही ओळ आली, त्याच्या काळी जुन्या पंचांगाच्या सातव्या महिन्यात, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हा तारा संध्याकाळी पश्चिमेकडे उतरू लागे. पुढचीच ओळ सांगते की नवव्या महिन्यात गरम कपडे वाटले जातात. म्हणजे हा छंगयू उकाडा सरत आल्याचा आहे. चुकीचा वापर आता एवढा रूढ झाला आहे की ऐकणाऱ्याला दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, पण आपण लिहिताना तरी तो गारव्याकडे वळणाऱ्या दिवसांसाठीच राखावा.

‘तोंग र ख आय’ यातली शेवटची दोन अक्षरे आजच्या बोलीत ‘गोंडस’ या अर्थाने येतात, म्हणून नवशिका ‘हिवाळ्याचा दिवस गोंडस’ असे काहीतरी वाचतो. मूळ संदर्भ इसवी सनापूर्वी ६२० च्या नोंदीतला आहे. चिन राज्याचे मंत्री चाओ त्स्वेइ आणि त्याचा मुलगा चाओ तुन यांत श्रेष्ठ कोण, असे विचारल्यावर एका सरदाराने उत्तर दिले की बाप हिवाळ्यातला सूर्य आहे आणि मुलगा उन्हाळ्यातला. पुढे भाष्यकाराने खुलासा केला : हिवाळ्यातला हवाहवासा, उन्हाळ्यातला भीतिदायक. तेव्हा हा छंगयू आल्हाददायक स्वभावाच्या माणसासाठी आहे.

तिसरा छंगयू माझ्या विशेष आवडीचा आहे. ‘मिंग र ह्वांग ह्वा’, म्हणजे ‘उद्याचे पिवळे फूल’. अर्थ : जिची वेळ निघून गेली अशी गोष्ट, शिळी बातमी. वेळ निघून गेली आहे तर फूल ‘कालचे’ हवे, असे वाटून पुष्कळ चिनी लोक ‘कालचे पिवळे फूल’ असा चुकीचा प्रयोग करतात. कवी सू षर (१०३७–११०१) याच्या ओळीत मित्राला आग्रह आहे की भेटलो आहोत तर परतायची घाई करू नकोस, उद्याची पिवळी फुले पाहून फुलपाखरूही खिन्न होईल. ही कविता छोंगयांगच्या दिवसाची, म्हणजे नवव्या चांद्र महिन्याच्या नवमीची आहे, जेव्हा शेवंतीची फुले पाहण्याची रीत आहे. आज सण आहे म्हणून फुलाला मान आहे, उद्या तेच फूल, तोच रंग, पण मान नाही.

दादरच्या किंवा पुण्याच्या मंडईतल्या फूलबाजारात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा छंगयू कोशाशिवाय समजेल. योगायोग असा की २०२१ ते २०२४ या चारही वर्षी छोंगयांगचा सण दसऱ्याच्या बरोबर आदल्या दिवशी, आपल्या खंडेनवमीला आला. २०२३ मध्ये दोन्ही पंचांगांत अधिक महिना आला होता, तिकडे दुसरा आणि इकडे श्रावण, तरी आश्विनापर्यंत दोघांचा मेळ बसला. २०२५ मध्ये मात्र चिनी पंचांगात सहावा महिना दोनदा आल्याने छोंगयांग २९ ऑक्टोबरपर्यंत लांबला आणि दसरा २ ऑक्टोबरला होऊन गेला होता.

पायरी आठवी : वापर आणि सराव

लिहिताना एका परिच्छेदात एकाहून अधिक छंगयू घालू नये. वाक्यात तो विशेषण म्हणून येतो, क्रियापद म्हणून येतो की स्वतंत्र उद्गार म्हणून, हे प्रत्येकाचे ठरलेले असते आणि ते अर्थ पाठ करून नव्हे, तर दोन-तीन अस्सल वाक्ये उतरवून घेतल्यानेच कळते. अर्थाचा रंग काळाबरोबर बदललेला असेल तर तोही नोंदवावा. मंग च्याओ हा कवी ७९६ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, राजपरीक्षेत उत्तीर्ण झाला. निकाल वसंतात लागत. वसंतवाऱ्यात घोडा दौडवत आपण एका दिवसात छांगआन या राजधानीतली सगळी फुले पाहिली, असे त्याने आनंदाने लिहिले. या दोन ओळींतून दोन छंगयू निघाले. ‘छुन फंग त यी’, म्हणजे यशाने फुललेला, यात आज किंचित तोऱ्याची छटा येऊ शकते, म्हणून वरिष्ठांच्या बढतीवर अभिनंदन करताना जपून वापरावा. ‘चौ मा क्वान ह्वा’, म्हणजे ‘घोड्यावरून फुले पाहणे’, हा तर आता वरवर पाहण्याची निंदा करतो.

सरावासाठी उत्तर चीनमधली हिवाळा मोजण्याची जुनी पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. २१-२२ डिसेंबरच्या अयनदिनापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट, म्हणजे एक्याऐंशी दिवस, मोजले जातात. घरात एक्याऐंशी पाकळ्यांच्या, मेइ नावाच्या हिवाळी फुलांची फांदी काढून ठेवतात आणि रोज एक पाकळी रंगवतात. अशी फांदी वहीच्या पहिल्या पानावर काढावी आणि प्रत्येक नऊ दिवसांना एकच छंगयू द्यावा : पहिल्या दिवशी उच्चार, दुसऱ्या दिवशी चार अक्षरे, मग गोष्ट, मराठी जोडीदार, फरक, आणि उरलेल्या दिवसांत वाक्ये. पहिल्या दोन नवकांत ‘हात बाहेर काढू नये’ आणि तिसऱ्या-चौथ्यात ‘बर्फावरून चालावे’, असे त्यांचे मोजणीचे गाणे सांगते, तेव्हा तिथे कोळसा, हिमकण, छंगचे दार आणि हिवाळी सूर्य ठेवावेत. पाचव्या-सहाव्यात नदीकाठची विलो झाडे पाहायची असतात, म्हणून लहरी गारठा आणि वसंतवारा. सातव्यात नदी मोकळी होते आणि आठव्यात रानहंस येतात, तिथे बांबूचे कोंब आणि मंग च्याओचा घोडा. नववे नवक फुले-फळे या जोडीसाठी ठेवले की मार्चच्या ११ तारखेच्या आसपास शेवटची पाकळी रंगते. गाणे मात्र तिथे थांबत नाही, ते आणखी एक नवक पुढे जाते आणि शेतोशेती नांगराचे बैल चालू लागल्याचे सांगते.